भाजल्याचा वण आणि लेझर



जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका कोरकू वस्तीत बारा वर्षांच्या मुलीने मानेवरचा जाड वण दाखवून मला विचारले, "सिस्टर, हे जाईन का?" मी चटकन म्हणाले, "हो, आता लेझर निघालंय, पुसून जाईल." ते मी बोलायला नको होते. तुमच्यापैकी कोणी असे वचन देऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

शेकोटीत तिच्या झग्याने पेट घेतला होता. जखम भरायला दीड महिना लागला. तीन आठवड्यांत जखम भरली नाही की वण उंच होण्याचा संभव फार वाढतो. कातडी सांधताना शरीर कोलॅजनचे तंतू गरजेपेक्षा जास्त बनवते. वण लाल व टणक होतो, आणि खाज अशी की लेकरू रात्रभर झोपत नाही. हा वण जखमेच्या हद्दीत राहतो. हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरला तर तो किलॉइड, आणि तो जास्त हट्टी.

नांदुऱ्याहून रेल्वेने आम्ही नागपूर गाठले. मी मान दाखवायला नेले होते, डॉक्टरांनी आधी कोपर पाहिले. कातडी आखडल्याने हात सरळ होत नव्हता. "याला शस्त्रक्रियाच लागेल," ते म्हणाले. माझ्या ते लक्षातच आले नव्हते.

मानेसाठी लेझर. एक प्रकार बारीक रक्तवाहिन्या आकसवतो, त्याने लाली व खाज कमी होते. दुसरा, कार्बन डायऑक्साइडचा, वणात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे पाडतो. मधली कातडी शाबूत राहते, तिच्या आधाराने छिद्रे भरतात आणि तंतूंची मांडणी नव्याने होते. वण मऊ व सपाट होतो. पुसला जात नाही. चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेकदा जावे लागते. सावळ्या कातडीवर डाग पडू शकतात, म्हणून लेझरची ताकद बेताची ठेवतात आणि ऊन टाळायला सांगतात. उन्हातान्हात राबणाऱ्या घराला हे सांगणे सोपे, पाळणे अवघड!

सोबत सिलिकॉनची पट्टी, वणात स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि दिवसाचे तेवीस तास घालायचा घट्ट कपडा. मे महिन्यात मायने तो कपडा काढून ठेवला म्हणून मी तिच्यावर रागावले. मग वऱ्हाडच्या उन्हात तो अर्धा तास स्वतःच्या हातावर चढवून पाहिला, आणि तिची माफी मागितली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे; लेझरचे मात्र वेगळे विचारावे. खरी अडचण प्रवासाची आहे. प्रत्येक खेपेला मायची दोन दिवसांची मजुरी बुडते. तुमच्या देणगीतून आम्ही तेवढीच भरून देतो.

आणि कोणी भाजले तर लगेच वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको, राख नको.

तीन खेपा झाल्या. खाज थांबली आहे, कोपर सरळ होते, ती स्वतःची वेणी स्वतः घालते. वण दिसतो. चौथी खेप कापूस वेचणी संपल्यावर.