तो अलार्म बंद करू नकोस, छोटे

काल फोनवर म्हणालीस, नेहरूनगरच्या गच्चीवरचा सोलरचा इन्व्हर्टर सारखा ‘आर्क फॉल्ट’ दाखवून बंद पडतोय, आणि साहेब म्हणतात की सेटिंगमध्ये जाऊन ते फीचरच बंद कर. तुझ्या साहेबांविरुद्ध तुझे कान भरायचे नाहीत मला. पण एवढं ऐक.

घरातली वीज एसी. तिचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, ठिणगीला विझायला उसंत मिळते. पॅनलची डीसी, तिला उसंतच नाही. सैल कनेक्टरच्या फटीत आर्क पेटला की ऊन असेपर्यंत पेटलेला राहू शकतो. फ्यूज उडेल म्हणशील, तर तोही नाही. सैल जोडात करंट वाढत नाही, उलट थोडा उतरतो. फ्यूजच्या लेखी सगळं आलबेल!

आपण तर कुर्ल्याच्या पोरी. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925ला व्हीटीहून इथेच आली, 1500 व्होल्ट डीसीवर. हार्बरवर ती डीसी 2016पर्यंत होती. पावसात पेंटोग्राफपाशी निळा लखलखाट झाला की माझा हात घट्ट धरायचीस. त्या गाड्यांत आर्क ताणून तोडायला चुंबक आणि आर्क शूट असायचे. तुझ्या बोटभर कनेक्टरात त्यातलं काहीच नाही.

आर्क खरखरतो. मिक्सर लावला की बाबांचा ट्रान्झिस्टर कसा खरखरायचा, तस्साच. इन्व्हर्टर करंटवर कान ठेवून तीच खरखर शोधत असतो. कधी फसतो, कारण स्वतःचीही गुणगुण असतेच त्याची. पण फसलाय हे जोड तपासल्यावर ठरवायचं. मी पहिल्या वर्षी आधीच ठरवून मोकळी झाले होते, तीनदा रीसेट मारला. चौथ्या दिवशी उघडून बघते, तर दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत दामटलेले, आतली पिन काळीठिक्कर आणि प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं.

उद्या आधी इन्व्हर्टर बंद कर, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्पमीटरवर शून्य बघ. त्यानंतरच कनेक्टर सोडव, तेही हातमोजे घालून. करंट शून्य झाला तरी उन्हातलं पॅनल जिवंतच असतं. साहेब घाई करतील. जोड बघून रीसेट मारते म्हणावं.

आणि तुझा तो स्वस्तातला क्लॅम्पमीटर नेऊ नकोस, तो फक्त एसी मोजतो. माझा डीसीवाला कपाटात वरच्या खणात आहे. आईला विचारताना ‘ताईची पक्कड’ म्हण, नाहीतर तिला सापडायचा नाही.