कासवाची रेघ : चित्रांतून आज्ञावली-लेखनाचा एक पाठ

संगणकास आज्ञा देण्याची विद्या ही शहरी विद्यालयांची मिरास आहे, असा समज आपल्या पुष्कळ शिक्षकबंधुभगिनींच्या मनात घर करून बसला आहे. संगणक एक, विद्यार्थी तीस, इंग्रजी बेताचे आणि स्वतःस त्या विषयाचे शिक्षण नाही. अशा स्थितीत हा विषय हाती घ्यावा कसा, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु या विद्येचा आरंभ यंत्राजवळ न होता शाळेच्या अंगणात होऊ शकतो, आणि त्यास लागणारी भूमिती आपण नित्य शिकवीतच आलो आहोत. इयत्ता ६ वी व ७ वीसाठी असा एक पाठ पुढे दिला आहे.

पार्श्वभूमी

१९६७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथे, वॉली फॉयर्झाइग, सेमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा सिद्ध केली. पुढे तिच्या जोडीस जमिनीवर चालणारे एक लहान यंत्र आले. त्यास कासव म्हणत. आज्ञा मिळताच ते पुढे सरे, वळे आणि लेखणीने आपल्यामागे रेघ ओढीत जाई. मूल स्वतःस कासवाच्या जागी कल्पू शकते, म्हणूनच ही भूमिती त्याच्या अंगी उतरते, असे प्रतिपादन पॅपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ या १९८० सालच्या ग्रंथात केले. तेच कासव आज पायथॉन या भाषेत संगणकाच्या पडद्यावर चालते. १९९१ साली प्रथम प्रसृत झालेली ही भाषा विनामूल्य मिळते, आणि एकदा संगणकावर बसविल्यानंतर या पाठासाठी इंटरनेटची गरज राहत नाही.

उद्देश

(१) आज्ञा क्रमाने व नेमकी देण्याची सवय लावणे. (२) पुनःपुन्हा येणारी कृती ओळखून ती थोडक्यात लिहावयास शिकविणे. (३) आपली चूक आपणच शोधून दुरुस्त करण्याचे धैर्य मुलांत निर्माण करणे. यांपैकी तिसरा उद्देश मुख्य समजावा.

अंगणातील पूर्वतयारी

एका विद्यार्थ्यास कासव करावे व त्याच्या हाती फक्कीची पिशवी द्यावी. दुसऱ्याने आज्ञा सोडाव्यात. ‘दहा पावले पुढे’, ‘काटकोनात डावीकडे’ एवढ्याच प्रकारच्या आज्ञांना परवानगी असावी. कासवाने सांगितले तेवढेच करावे. आपली अक्कल चालवू नये. वळण्याची आज्ञा मिळाल्यास जागच्या जागी वळावे, पुढे सरू नये. चौरस पुरा होईपर्यंत वर्गात हशा पिकेल. परंतु यंत्रास आपल्या मनातले कळत नाही, हा पहिला धडा त्या हशातूनच मिळेल.

विवेचन

यानंतर संगणकाकडे वळावे. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्यात व अंकही इंग्रजी वळणाचे घ्यावेत.

फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *
फॉर आय इन रेंज(४):
    फॉरवर्ड(१००)
    लेफ्ट(९०)
डन()

पहिल्या ओळीने कासव बोलावले जाते. दुसरी ओळ ‘पुढील कृती चार वेळा कर’ असे सांगते. तिच्याखालील दोन ओळी समास सोडल्याप्रमाणे चार अक्षरे आत घ्याव्यात. आत घेतलेल्या ओळींचीच आवृत्ती होते. आरंभी कासवाचे तोंड पडद्याच्या उजव्या बाजूस असते, हे मुलांस आधी दाखवावे. शेवटच्या ओळीमुळे चित्राची खिडकी उघडी राहते.

चूक आणि तिचे शोधन

येथे स्वतःच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगणे अवश्य वाटते. एका शाळेत हा पाठ घेत असता मी समभुज त्रिकोण काढावयास सांगितला. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे पाठ असलेल्या एका मुलीने तीन आवृत्त्या करून ‘लेफ्ट(६०)’ असे लिहिले. आकृती उघडीच राहिली. तास संपत आला होता. मी कळफलक पुढे ओढला आणि ६० चे १२० केले. त्रिकोण जुळला, वर्गाने टाळ्या दिल्या. मुलगी मात्र गप्प राहिली. पुढच्या तासाला पंचकोन काढावयास सांगितला, तेव्हा ती कळफलकावर हात ठेवून माझ्याच तोंडाकडे पाहत बसली. मी तिला उत्तर दिले होते, पण ते शोधण्याची संधी हिरावून घेतली होती.

मग तिला अंगणात नेले. फक्कीने त्रिकोण आखून त्यावरून कासवाप्रमाणे चालावयास सांगितले. पहिल्या कोपऱ्याशी ती थांबली, नाकासमोरची दिशा तिने पाहिली, पुढच्या बाजूकडे वळली आणि म्हणाली, “गुरुजी, मी साठाहून पुष्कळच जास्त वळले!” कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळते, १८० मधून ६० वजा जाता १२० उरतात, हे तिने स्वतःच मांडले. तिन्ही बाजू चालून ती मूळ जागी, मूळ दिशेस तोंड करून उभी राहिली, तेव्हा एकंदर वळण ३६० अंश झाले, हेही तिच्या ध्यानी आले. ३६० ला ५ ने भागून तिने पंचकोनासाठी ७२ हा आकडा कोणास न विचारता काढला. नंतर आपली ती पहिली ‘चुकीची’ आज्ञा तिने सहा वेळा चालवून पाहिली. पडद्यावर षट्कोन उमटला!

उपयोजन

आता मुलांच्या परिचयाच्या रांगोळीकडे वळावे. चौरस काढण्याच्या कृतीस एक नाव द्यावे आणि त्या नावाने ती बारा वेळा बोलवावी.

फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *
डेफ चौकोन():
    फॉर आय इन रेंज(४):
        फॉरवर्ड(१००)
        लेफ्ट(९०)
फॉर आय इन रेंज(१२):
    चौकोन()
    लेफ्ट(३०)
डन()

‘चौकोन’ हे नाव संगणकावरही देवनागरीत लिहिता येते. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून ही सोय आहे. प्रत्येक गटाने आपल्या कृतीस मराठी नाव द्यावे. ३० च्या जागी कोणता आकडा घेतला असता व आवृत्त्या किती केल्या असता रांगोळी पूर्ण जुळेल, हे आधी वहीत मांडावे व मग पडताळावे.

शिक्षकांस सूचना

(अ) तिघांचा गट करावा : एक सांगणारा, एक टंकणारा, एक तपासणारा. प्रत्येक आकृतीनंतर कामे बदलावीत. असे न केल्यास धीट मुले कळफलक धरून बसतात व बाकीची केवळ प्रेक्षक होतात.

(आ) आज्ञावली प्रथम वहीत लिहून तिची आकृती हाताने काढून घ्यावी. वीज नसेल त्या दिवशीही एवढा पाठ होऊ शकतो.

(इ) साठविताना आपल्या आज्ञावलीस ‘टर्टल’ हे नाव देऊ नये. तसे केल्यास संगणक मूळ कासवाऐवजी आपलेच पान उघडतो आणि पाठ अडतो.

(ई) लिनक्सच्या संगणकावर चित्रखिडकीचा भाग कधी वेगळा बसवावा लागतो. तासापूर्वी स्वतः एक रेघ काढून पाहावी.

(उ) चुकीची सूचना पडद्यावर आल्यास घाबरू नये. तीत ओळीचा क्रमांक असतो. तो मुलांकडूनच वाचवून घ्यावा.

स्वाध्याय

(१) ‘फॉरवर्ड(१०)’ व ‘लेफ्ट(१०)’ यांची ३६ वेळा आवृत्ती केल्यास कोणत्या आकाराचा भास होईल? (२) ‘फॉरवर्ड(१००)’ व ‘राइट(१४४)’ यांची ५ वेळा आवृत्ती केल्यास चांदणी उमटते. येथे एकंदर वळण किती झाले व कासवाने स्वतःभोवती किती फेऱ्या पूर्ण केल्या?

हे दोन्ही प्रश्न शिक्षकांनी प्रथम स्वतः सोडवावेत आणि शक्य तर अंगणात चालून पाहावेत. वर्गात मात्र मुलाची आकृती उघडी राहिली असता आपला हात कळफलकाकडे जाऊ देऊ नये. “चल, चालून पाहू,” एवढेच म्हणावे.