कांदा आंबटात घालताना

व्हिनेगरमधल्या कांद्याची कृती कुणी विचारली की मी आधी विचारते, कांदा कुठला आणलाय? समोरच्याला हा भोचकपणा वाटतो. त्याला हवं असतं चार ओळींचं उत्तर: एवढा कांदा, एवढं व्हिनेगर, एवढी साखर, फ्रीजमध्ये ठेवा. तेही सांगते. पण नाशकात राहून कांद्याचा हंगाम न विचारता प्रमाण सांगायला जीभ रेटत नाही. खाली लिहिलंय ते सगळं आमच्या ओट्यावर तावूनसुलाखून घेतलेलं आहे.

१. कांदा बघून प्रमाण ठरवा.

आमच्याकडे कांदा वर्षात तीनदा निघतो. दिवाळीच्या आगेमागे खरिपाचा लाल येतो, शेतकरी त्याला पोळ कांदा म्हणतात. मग रांगडा. आणि मार्च-एप्रिलपासून उन्हाळ कांदा, जो चाळीत भरून ठेवतात आणि जो पुढे अख्खा पावसाळा आपल्याला पुरतो. लाल कांदा रंगाला गडद, अंगात पाणी भरपूर, टिकायला कच्चा. उन्हाळ कांदा फिकट, घट्ट, पापुद्र्याला पक्का, आणि चाळीत राहून आणखी आटलेला. एकाच वाटी-चमच्याच्या मापाने दोन्ही केले तर नोव्हेंबरात बरणीत पाणचट कांदा मिळतो आणि ऑगस्टात कडक.

माझं मूळ प्रमाण उन्हाळ कांद्याचं आहे. पाव किलो कांद्याला एक वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, सपाट चमचाभर मीठ, दोन चमचे साखर. लाल कांदा असेल तर पाणी जवळजवळ घालतच नाही. तो स्वतःचं सोडतो. कांद्यात शंभरातले नव्वदच्या आसपास भाग पाणीच असतं, आणि मीठ लागलं की ते बाहेर यायला वाट बघत नाही.

२. गोल्टी दिसली तर सोडू नका.

लासलगाव, पिंपळगावच्या लिलावात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात आणि तिचा भाव वेगळा, बहुधा खालचा निघतो. घरोघरच्या बायका ती घेत नाहीत, कारण सोलता सोलता जीव जातो. आमच्या बाजारातल्या मावशी तर मला समजावतात, "ताई, मोठा घ्या की, चार सोलले की भाजी होते." भाजीसाठी बरोबरच आहे त्यांचं. पण बरणीत अख्खा घालायला गोल्टीसारखी नाही. कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकली की साल सुटतं. मुळाकडची बाजू खरवडून घ्यायची, कापून टाकायची नाही, नाहीतर कांदा बरणीत पाकळी पाकळी होतो. वरच्या बाजूने अधिकचं चिन्ह असल्यासारखी खोल चीर द्यायची म्हणजे आंबट आतपर्यंत पोचतं. ही झटपट होत नाही, दोन दिवस द्यावे लागतात. पंजाबी ढाब्यावर डाळीबरोबर येतो तो सिरकेवाला प्याज हाच.

पावसाळ्यात कांद्याच्या सालाखाली काजळीसारखी काळी पूड दिसते. ती बुरशी असते. वरचा पापुद्रा काढून, धुऊन आतला कोरा निघाला तर घ्यावा. आतल्या पापुद्र्यावरही काळं असेल तर तो कांदा बरणीच्या लायकीचा नाही.

३. उभा चिरा.

कोशिंबिरीला आपण आडव्या गोल चकत्या करतो, त्या दिसायला छान. पण देठापासून मुळाकडे उभा, पातळ चिरलेला कांदा आंबटात जास्त दिवस करकरीत राहतो आणि तिखटही कमी लागतो, कारण आडवं कापताना त्याच्या पेशी जास्त फुटतात. पेशी फुटल्या की आतली विकरं गंधकाच्या संयुगांवर तुटून पडतात, आणि मग डोळ्यांचं पाणी. हे रडवणारं द्रव्य तयार करायला एक वेगळंच विकर लागतं हे जपानी संशोधकांनी २००२ साली 'नेचर'मध्ये छापलं, आणि त्याबद्दल २०१३ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते गमतीचं नोबेल. घरात सुरी परजून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. बोथट सुरी कांदा कापत नाही, चेंगरते.

४. मीठ लावा, चोळू नका.

आपल्या हाताला सवय आहे मीठ लावून कांदा कुस्करायची. पिठल्याबरोबर तो तसाच हवा. इथे नको. मीठ भुरभुरवून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवायचा, मग गार पाण्याखाली एकदा धरून निथळू द्यायचा. उग्रपणा या पाण्यातच निघून जातो. धुतल्यावर पंच्यावर पसरून टिपून घेतला तर उत्तम. ओला कांदा घातला की व्हिनेगरमध्ये पाणी पडलंच म्हणून समजा.

५. आंबट कोणतं, हे वाचून घ्या.

किराणा दुकानातली सगळ्यात स्वस्त पांढरी बाटली उलटी करून बघा. बहुतेक वेळा त्यावर लिहिलेलं असतं, कृत्रिम व्हिनेगर, अॅसिटिक आम्लापासून केलेलं. ते विष नव्हे, आम्लाचं प्रमाण ठरलेलं असतं; आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किमान ३.७५ टक्के. पण त्याला नाकात जाणारा एकच सरळ वास असतो, मागे काही चव नाही. आंबवून केलेलं, म्हणजे उसाचं, सफरचंदाचं किंवा माडाच्या सुरेचं, यांना आंबटपणाच्या मागे थोडी गोडी असते. गोव्याहून कुणी येणार असेल तर मी निर्लज्जपणे माडाचं व्हिनेगर मागवते. सोरपोतेल आणि विंदालूच्या घरचंच ते. चोरीस-पाव खाताना शेजारी कांदा असेल तर त्यावर त्याचे दोन थेंब पडलेले बरे.

दुकानात अॅसिटिक अॅसिड म्हणून छोटी बाटली मिळते, पाण्यात मिसळून घरीच व्हिनेगर करा म्हणून. घरात लहान मुलं असतील तर ती आणूच नका. पातळ न केलेलं आम्ल कातडी भाजतं, आणि पाण्यासारखंच दिसतं. पाचपन्नास रुपये वाचवायला हा धोका कशाला?

लिंबू चालतं, पण तो वेगळा पदार्थ झाला. लिंबाच्या रसातला कांदा त्याच जेवणाला संपवायचा. रात्रीपर्यंत लिंबाचा ताजेपणा जातो आणि कडवटपणा वर येतो, त्यातून हिरवट साल जोरात पिळली गेली असेल तर विचारूच नका. आमसुलं भिजवून त्या पाण्यात कांदा घालायचं आमच्या कोकणातल्या चुलत सासूबाईंचं तंत्र होतं. रंग तपकिरी लाल येतो, फोटोला शोभत नाही. खिचडीबरोबर मात्र मला तोच सगळ्यांत आवडतो.

६. गरम ओतायचं की गार?

कांदा गॅसवर चढवायचा नाही, एवढं दोन्हीकडे सारखं. उन्हाळ कांद्यावर मी गरम ओतते: व्हिनेगर, पाणी, मीठ, साखर एक उकळी येईपर्यंत, मग दोन मिनिटं थांबून. अर्ध्या तासात खाण्याजोगा होतो, पाकळी वाकते पण दाताखाली वाजते. लाल कांद्यावर गरम ओतलं तर तो लोळतो. त्याला गारच, आणि तीन-चार तास. पाहुणे दाराशी आले असतील तर अर्थात हंगाम बघत बसायचं नाही, गरम ओतावं आणि मोकळं व्हावं.

काचेची बरणी आधी कोमट पाण्याने विसळून घ्या, थंड काचेवर उकळतं पडलं तर तडकते. झाकण पत्र्याचं नको. आम्लाच्या वाफेने गंजतं आणि खालची धार काळी पडते. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम यातलं कुठलंच भांडं या कामाला नाही.

७. गुलाबी रंगाचं गुपित कांद्यातच आहे.

बरणीत मसाला नाही, रंग नाही, तरी तासाभरात पाणी गुलाबी होतं, याचं अजून कौतुक वाटतं मला. कांद्याच्या जांभळ्या पापुद्र्यात अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. आम्लात ती लालगुलाबी होतात, सोड्यासारख्या अल्कलीत निळसर-हिरवट. म्हणून कांद्याला चिमूटभर सोडा लावून धुणाऱ्यांनी नंतर रंगाची तक्रार करू नये. रंग बहुतेक पापुद्र्याच्या वरच्या पातळ थरात असतो, त्यामुळे सोलताना हात सैल सोडून दोन-दोन पापुद्रे काढले की गुलाबी जवळजवळ कचऱ्यातच जातो. गडद लाल कांद्याला सुरेख चढतो, फिकट उन्हाळ कांद्याला बेताचा. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात गुलाबी शोधू नका. तो मुळातच इतका गोड की मी त्यात साखरच घालत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला व्हिनेगर दाखवणंही मला जिवावर येतं. त्याच्या वेण्या आणून टांगाव्यात आणि नुसता खावा.

हॉटेलात जो भडक राणी रंग दिसतो तो बीटच्या एका चकतीचा. घालायला हरकत नाही. पण बीटची मातकट चव दोन दिवसांनी वर येते, तेव्हा चकती संध्याकाळी काढून टाका. आणि बरणीत लसणीची पाकळी टाकली असेल आणि ती निळीहिरवी झाली, तर घाबरू नका. लसूण आम्लात असा रंग बदलते, त्याने ती खराब होत नाही.

८. सगळ्याबरोबर नाही.

पिठलं-भाकरीबरोबर हा कांदा वाढणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिथे बुक्कीने फोडलेला, वर जाडं मीठ. मिसळीवर कच्चा, बारीक चिरलेला, कारण तर्रीला आंबट लिंबाचंच हवं. याची जागा तुपकट आणि भारी जेवणाशेजारी: मटणाचं सुकं, दाल-खिचडी, लोणी घातलेलं थालीपीठ, ऑम्लेट-पाव. शिळ्या पोळीत अंडाभुर्जी आणि यातल्या चार पाकळ्या गुंडाळून दिल्या तर शाळेचा डबा रिकामा परत येतो.

९. चातुर्मासात बरणी रिकामी ठेवायची गरज नाही.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून, भजी-थालीपिठं हाणून, पुढचे चार महिने कांदा बंद करणारी घरं अजून आहेत. माझ्या माहेरी होतंच. त्याच आंबटगोड पाण्यात गाजराच्या काड्या आणि काकडी तितकीच छान मुरते. काकडी मात्र दोन दिवसांत संपवावी.

१०. हे लोणचं नव्हे.

आंब्याच्या लोणच्याला मीठ आणि तेल सांभाळतं, म्हणून ती बरणी फडताळात वर्षभर राहते. इथे मीठ चमचाभर आणि आम्ल पाण्याने पातळ केलेलं. तेव्हा फ्रीजमध्येच, आणि चिरलेला कांदा साधारण दोन आठवडे. कांदा पाण्याच्या वर डोकं काढत असेल तर दाबून बुडवा. चमचा कोरडा आणि उष्टा नसलेला. वरती पांढरी साय धरली, फेस आला, किंवा पाकळी बुळबुळीत लागली, तर चव घेऊन बघायच्या फंदात न पडता टाकून द्यावं.

तळाशी चार पाकळ्या उरल्या की त्याच पाण्यात नवा कांदा भरायचा मोह होतो. पहिल्या कांद्याने त्यात आपलं पाणी सोडलेलं असतं, आम्ल पातळ झालेलं असतं, दुसरी खेप लवकर बिघडते. ते पाणी वाया घालवू नका मात्र. चोचवलेल्या काकडीत दाण्याचं कूट घालून लिंबाऐवजी हेच दोन चमचे घाला, किंवा कोंबडीच्या तुकड्यांना मसाल्याबरोबर लावून अर्धा तास ठेवा. दोन्हीकडे वरून मीठ टाकण्याआधी चाखून बघा, पाण्यात ते आधीच आहे.