लांडग्याचा माळ आणि 'पडीक' हा शब्द

गेल्या बैठकीत आपण प्राण्यांवरून आलेले शब्द आणि वाक्प्रचार गोळा केले. वाघाला मान मिळाला, कोल्ह्याला निदान हुशारीचं श्रेय मिळालं. लांडग्याच्या वाट्याला मात्र 'लांडगेतोड' आणि 'लांडगा आला रे आला' एवढंच आलं. बरा अपवाद एकच, तोही संस्कृतातला. लांडगा म्हणजे वृक, आणि लांडग्यासारखं पोट असलेला तो वृकोदर, आपला भीम! तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की खरा लांडगा असतो तरी कसा? त्या प्रश्नाचं हे उत्तर.

जगात ज्याला करडा लांडगा म्हणतात, त्याचीच एक उपजात म्हणजे भारतीय लांडगा. शास्त्रीय नाव कॅनिस लुपस पॅलिपस. पॅलिपस म्हणजे फिकट पायांचा. हे नाव १८३१ साली कर्नल विल्यम साइक्स यांनी दिलं. ते मुंबई इलाख्याच्या लष्करात होते आणि दख्खनभर फिरून पिकं, पक्षी, प्राणी, सगळ्यांच्या नोंदी करत असत. म्हणजे या लांडग्याची शास्त्राशी पहिली ओळख झाली ती आपल्याच पठारावर. थंड देशांतल्या भाऊबंदांपेक्षा तो लहान, वजन साधारण वीस किलो, अंगावर दाट लोकर नाही. पण वंश जुना. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत त्याची शाखा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक ठरली आहे.

आता 'अल्फा'विषयी. मोबाइलवर रोज कुणीतरी 'अल्फा' व्हायला शिकवत असतं, म्हणून जरा थांबून सांगतो. कळपात मारामारी करून एक नर म्होरक्या होतो, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासातून पसरली. पण ते लांडगे पिंजऱ्यातले होते, एकत्र कोंडलेले. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७०च्या आपल्या पुस्तकात तीच कल्पना वापरली आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ साली स्वतःच ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब: आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या कोण, तर आईबाप. आपल्याकडे तर कळप लहानच, दोन-चार-पाच जणांचा.

मादी साधारण दोन महिने गाभण असते. दख्खनमध्ये पिल्लं बहुतेक थंडीत होतात, ओढ्याकाठच्या घळीत किंवा माळावरच्या बिळात. जन्मतः ती आंधळी असतात. मोठे लांडगे शिकार खाऊन येतात आणि पोटातलं अन्न ओकून पिल्लांना भरवतात. आधीच्या वर्षीची भावंडंही या कामाला हात लावतात. वृकोदराचं पोट असं घरच्यांसाठीही असतं.

बिबट्यासारखं झाडीत दडणं लांडग्याचं नाही. त्याला मोकळा माळ लागतो. काळवीट, ससे, उंदीर हे त्याचं खाणं. काळवीट संपला तिथे शेळ्या-मेंढ्या. आणि नेमका हा माळ आपल्या सरकारी भाषेत 'पडीक' असतो. देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यात झुडपी माळ याच सदरात पडतो. पडीक म्हटलं की ती जमीन कुणाचीच नाही, तिचं काहीतरी 'केलं' पाहिजे, असं वाटू लागतं. मग तिथे कारखाना येतो, सौरपट्ट्या येतात, किंवा अगदी चांगल्या मनाने झाडं लावली जातात. वृक्षारोपणाला नाव ठेवणं अवघड आहे, मान्य. आम्हीही खड्डे खणलेत. पण गवताच्या माळावर ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे तळं बुजवून बाग करण्यासारखं आहे.

कायद्याने लांडग्याला पूर्ण संरक्षण आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या पंगतीला बसतो. तरी देशात सगळे मिळून तीनेक हजारच उरले असावेत, असा अंदाज आहे. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीजवळ बंकापूरला त्याच्यासाठी अभयारण्य झालं. (मोरांसाठी प्रसिद्ध असलेलं हावेरीकडचं बंकापूर वेगळं.) क्षेत्र ३३२ एकर, म्हणजे दीड चौरस किलोमीटरही नाही. एका कळपाचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरवर असतो. तेव्हा लांडगा तिथे पिल्लं घालेल, पण पोट भरायला बाहेरच जाणार. बाहेर गावकुत्री असतात. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर येतो, शिवाय पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलं आहे.

बाहेर मेंढपाळही असतात, आणि मला वाटतं लांडग्याचा खरा निकाल त्यांच्याच हातात आहे. मेंढरू गेलं तर भरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्यासाठी थांबायला हवं. तळ हलवत चालणारा धनगर किंवा कुरुबर दोन दिवस कुठे थांबणार? तो नुकसान सोसतो आणि पुढे जातो. कुणी चिडून बिळाच्या तोंडाशी धूर करतो. त्याला दोष देताना हे लक्षात ठेवू, की माळाला कुंपण पडतं तेव्हा लांडग्याबरोबर त्याची मेंढरंही बाहेर पडतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरच्या मोठ्या माणसांना विचारून यावं, की आपल्या गावच्या गवताच्या जमिनीला काय म्हणतात. माळ, कुरण, गायरान, पड, जे असेल ते. कन्नडमधला 'गोमाळ'ही चालेल. आणि तिथे आता काय आहे, तेही लिहून आणा.