आधी वजन उतरू दे, मग तपासतो

बहरीनमधल्या अरादहून एका वाचकाने विचारलंय. वय पंचेचाळीस, आईवडील दोघांनाही मधुमेह. रक्ततपासणीची चिठ्ठी कित्येक महिने गाडीच्या कप्प्यात पडून आहे. 'आधी चार किलो उतरवतो, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल,' हे पालुपद. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. आळशी म्हणावं, तर गृहस्थ विमानांच्या देखभालीच्या कामात. तिथे एक स्क्रू सैल राहिलेला त्यांना खपत नाही.

खरी गोम तिथेच आहे. चिठ्ठी दिसली की पोटात गोळा येतो. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं की लगेच हायसं वाटतं, आणि मेंदूला त्याचीच चटक लागते. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या संशोधकांनी 2013 मध्ये हेच मांडलं: चालढकलीचं मूळ घड्याळात कमी, नकोशा भावना टाळण्यात जास्त. बिनचूकपणाची सवय त्यात तेल ओतते. रिपोर्ट हे प्रगतिपुस्तक वाटू लागतं, डॉक्टर मास्तर वाटतात, आणि गावी कळलं तर काय म्हणतील, हेही असतंच.

बरं, अभ्यास करून बसण्याजोगी ही परीक्षाच नाही. एचबीए1सी तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. आठवडाभर भात सोडून तिला फसवता येत नाही. आकडा 5.7 ते 6.4 टक्क्यांत आला, तर ती मधुमेहाच्या अलीकडची पायरी. चालणं, आहार आणि वजन यांचा सर्वाधिक उपयोग होतो तो याच टप्प्यावर. म्हणजे ज्या चार किलोंसाठी तपासणी अडलीय, ते उतरवण्याचं खरं कारण तपासणीच देईल.

तेव्हा आहे त्या वजनात अपॉइंटमेंट घ्या. रात्रीच्या काळजीसाठी संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवा. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांची ही जुनी युक्ती आहे. अराद किल्ल्याजवळ खाडीकाठी फेरी मारून झाली की वही घेऊन बसा, मनात येईल ते लिहा. मध्यरात्री काळजी आलीच, तर तिला उद्या संध्याकाळची वेळ द्या. (एवढी एकच गोष्ट पुढे ढकलायला माझी परवानगी.)

खूप तहान, वारंवार लघवी किंवा प्रयत्नाविना घटणारं वजन असेल, तर आजच दाखवा. काळजी सहा-सहा महिने हटत नसेल आणि कामावर, झोपेवर परिणाम होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; त्यावर उपचार आहेत. आणि हो, एचबीए1सीला उपाशी राहावं लागत नाही. नाश्ता करून गेलात तरी चालेल.