नंबर : एक शब्द, अनेक अर्थ

धारवाडहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अळणावर हे जंक्शन आहे. दांडेलीच्या अरण्याकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. मराठी, कन्नड आणि कोंकणी या तिन्ही भाषा या गावाच्या बाजारपेठेत सहज कानी पडतात. मात्र या तिन्ही भाषांच्या ओठांवर एक पाहुणा शब्द सारखाच नांदतो, तो म्हणजे 'नंबर'. गाडी कोणत्या नंबरच्या फलाटावर येणार, दवाखान्यात आपला नंबर केव्हा लागणार, चष्म्याचा नंबर वाढला की काय, मुलाचा वर्गात कितवा नंबर आला, असे प्रश्न दिवसभर विचारले जातात. शब्द एकच, परंतु प्रत्येक प्रश्नात त्याचा अर्थ निराळा. बोलताना या निराळेपणाने कोणाचे अडत नाही. कागदावर मात्र तोच शब्द चुकीच्या रकान्यात पडला, तर हक्काची रक्कम अडकून राहते. म्हणून या शब्दाचा थोडा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ शब्द आणि त्याचे मराठी वाटेकरी

लॅटिन भाषेतील 'न्युमेरस' हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला व 'नंबर' झाला. इंग्रजीत हा एक शब्द जी कामे करतो, ती मराठीत निदान चार शब्दांनी वाटून घेतली आहेत. किती, हे सांगणारी ती संख्या. कितवा, हे सांगणारा तो क्रमांक. नियतकालिकाचा प्रसिद्ध होणारा भाग तो अंक. आणि व्याकरणात एक की अनेक, हे दाखविणारे ते वचन. वर्गात पंचवीस मुले आहेत, ही संख्या होय. पंचविसावे नाव अमुक मुलाचे, हा क्रमांक होय. हा भेद शिक्षकांनी प्राथमिक वर्गांतच स्पष्ट केल्यास पुढील बराच गोंधळ टळतो.

इंग्रजी शिकविताना आणखी एक बारकावा ध्यानी ठेवावा लागतो. 'ए नंबर ऑफ' या शब्दसमूहाचा अर्थ 'अनेक' असा होतो व त्यापुढे अनेकवचनी क्रियापद येते. 'द नंबर ऑफ' याचा अर्थ मात्र 'संख्या' असा असून त्यापुढे एकवचनी क्रियापद येते. एका लहानशा उपपदाने वाक्याचे वचन पालटते. मराठीतही वचनाचा संबंध केवळ मोजणीशी नाही. 'बाबा आले' या वाक्यात व्यक्ती एकच असून क्रियापद अनेकवचनी आहे. ते आदर दर्शविते.

लहान आणि मोठा नंबर

नंबर मोठा म्हणजे वस्तू मोठी, अशी सर्वसाधारण समजूत असते. पादत्राणांच्या बाबतीत ती खरी आहे. सुताच्या बाबतीत नेमके उलट घडते. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणून २० नंबरच्या सुतापेक्षा ४० नंबरचे सूत बारीक असते. लाकूड घासण्याच्या पॉलिश कागदाचेही तसेच. नंबर चढत जातो तसा कागद मऊ होत जातो. बांगडीचा 'दोन-आठ' नंबर म्हणजे दोन इंच आणि एका इंचाचे आठ सोळांश, अर्थात अडीच इंच व्यास होय.

चष्म्याचा नंबर हा भिंगाच्या शक्तीचा निदर्शक आहे. अधिक दोन नंबरच्या भिंगाचे नाभीय अंतर अर्धा मीटर असते. लांबचे अंधुक दिसत असल्यास उणे नंबर लागतो. चाळिशीनंतर जवळचे वाचण्यासाठी बहुधा अधिक नंबर लागतो. दुसऱ्याचा चष्मा लावून पाहणे का उचित नाही, हे यावरून उमगेल.

लोकभाषेने तर या शब्दाला गुणावगुणही चिकटविले आहेत. 'एक नंबर' ही प्रशंसा, तर 'दोन नंबर' म्हणजे बेहिशेबी व्यवहार. वस्तुतः एकापुढे दोन येतात, यात दोनाचा काहीच अपराध नाही.

जमिनीचा नंबर

ग्रामीण भागात 'आपल्या नंबरात ज्वारी केली' असे म्हटले जाते, तेव्हा नंबर या शब्दाचा अर्थ चक्क शेत असा होतो. या प्रयोगामागे मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी जमीन मोजणी हाती घेतली. शेतांची मोजणी करून, हद्दीच्या खुणा रोवून, प्रत्येक तुकड्यास क्रमांक देण्यात आला. तोच सर्व्हे नंबर होय. पुढे विंगेट यांच्या देखरेखीखाली हे काम दक्षिणेकडील मराठी-कानडी मुलखातही चालले. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे अळणावरचा शेतकरी असो वा इंदापूरचा, दोघांच्या दप्तरातील सर्व्हे नंबराचे कूळ एकच आहे.

त्यानंतर मात्र वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्रात १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यान्वये ज्या गावी योजना अमलात आली, तेथे सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि सातबारावर गट नंबर, अशी स्थिती तेथे आढळते. अशा वेळी एकत्रीकरणाच्या पत्रकावरून दोहोंचा मेळ घालून घ्यावा. शहरी मिळकतीस सिटी सर्व्हे नंबर असतो. गोव्याच्या शहरी दप्तरात 'चलता नंबर' आढळतो. तसेच फेरफार नंबर हा जमिनीचा नसून हक्कातील बदलाच्या नोंदीचा असतो. तो सर्व्हे नंबराच्या जागी लिहिल्यास शोध लागत नाही.

सर्वांत फसवा आहे तो खाते नंबर. महसूल दप्तरात तो खातेदाराच्या एकूण जमिनीचा असतो. बँकेत तो ठेवीचा असतो. नुकसानभरपाईच्या अर्जात दोन्ही मागितले जातात. दोहोंची अदलाबदल झाली तर पीक गेलेल्या शेतकऱ्याला मदतीसाठी ताटकळावे लागते. सीमेवरील गावांत आणखी एक अडचण संभवते. कन्नड कागदपत्रांत क्रमांकालाही 'संख्ये' असा शब्द असतो. 'खाते संख्ये' हे शब्द वाचून मराठी वाचकाला खाती किती, असे विचारले आहे की काय, असा भ्रम होऊ शकतो. तेथे खात्याचा क्रमांकच अपेक्षित असतो.

पिन : उघडा आणि गुप्त

१५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा अंकी पिन कोड सुरू केला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी केली. ते संस्कृत कवीही होते. पहिला अंक विभाग दर्शवितो. महाराष्ट्र व गोव्याचा पिन ४ ने, तर कर्नाटकाचा ५ ने सुरू होतो. अळणावर नावाचे गाव कोठे आहे हे दूरच्या टपालगृहास ठाऊक नसले, तरी पत्र योग्य दिशेला लागते. हा पिन सर्वांना सांगण्यासाठीच असतो.

बँकेच्या कार्डाचा किंवा मोबाइलवरून पैसे पाठविण्याचा पिन मात्र नेमका विरुद्ध स्वभावाचा आहे. तो घरच्यांखेरीज नव्हे, कोणालाच सांगावयाचा नसतो. दूरध्वनीवरून 'तुमचा नंबर सांगा' असे कोणी गोड शब्दांत म्हटले, तर कोणता नंबर, हा प्रश्न आधी विचारावा. मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक आणि पिन बँकेचा खरा कर्मचारी कधीही मागत नाही. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

काय करावे

अर्जदाराने नुसते 'नंबर' असे न लिहिता सर्व्हे नंबर, गट नंबर, बँक खाते नंबर असे पूर्ण नाव लिहावे व अंक मूळ कागदावरून पाहून उतरावेत. कार्यालयांनीही छापील अर्जातील 'नं.' या संक्षेपापुढे कशाचा, हे स्पष्ट करावे. शिक्षकांनी एखादा तास याच विषयासाठी द्यावा. विद्यार्थ्यांना घरातील दहा नंबर गोळा करण्यास सांगावे आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : तो कशाचा आहे, तो कोणी दिला, आणि तो कोणाला सांगावा. एवढे लिहिता आले की त्या मुलाच्या घरचा अर्ज योग्य रकान्यांनी भरला जाईल.