दर्याचा ठाव घेणारा कप्तान

मुलांनो, बोरिवलीहून गोराईला जायचे तर बरेच लोक होडीने खाडी ओलांडतात. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो, पण होडी कोठून न्यावी हे नावाड्याला पाठ असते. ते त्याचे रोजचे पाणी आहे. पण जो समुद्र अनोळखी आहे, त्यातून मोठे जहाज कसे न्यायचे? त्यासाठी सागरी नकाशा लागतो. (नकाशा हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. ‘दर्या’ मात्र जपून वापरा. उर्दूत दर्या म्हणजे नदी, मराठीत समुद्र!)

असे नकाशे तयार करण्यात रॉबर्ट मोर्सबी यांनी आपली उमेदीची वर्षे घालवली. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारात अधिकारी होते. कंपनीला मुंबईहून सुएझला आगबोटी न्यायच्या होत्या. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी तिकडे निघालीसुद्धा. पण वाटेत तांबडा समुद्र होता. त्यालाच तुम्ही बहर-ए-अहमर म्हणता. तेथे पाण्याखाली लपलेल्या प्रवाळखडकांवर आपटून जहाजे फुटत. हजसाठी जेद्द्याला जाणारे यात्रेकरूही याच पाण्यातून जात.

१८२९ ते १८३३ या काळात मोर्सबींनी ‘पॅलिन्युरस’ जहाजावरून या समुद्राच्या उत्तर भागाची पाहणी केली. शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडायची. शिसे तळाला टेकले, की किती वाव दोरी गेली ते मोजायचे. दोन्ही हात पसरले, की होते एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून वाळू, शिंपल्यांचे तुकडे वर येत आणि तळ कसला आहे ते समजे. मग किनाऱ्यावरच्या खुणांवरून कोन मोजून ती जागा कागदावर मांडायची, आणि पुन्हा दोरी सोडायची. तळपत्या उन्हात हे हजारो वेळा करायचे! लढाईपेक्षा हे काम सोपे होते असे मला वाटत नाही. मात्र त्याचे पोवाडे कोणी रचत नाही. दोरी सोडणाऱ्या खलाशांची तर नावेही नकाशावर नसतात.

पुढे १८३४ ते १८३६ मध्ये मोर्सबींनी मालदीव बेटांची पाहणी केली. तेथे तापाने त्यांची माणसे आजारी पडली. यंग आणि क्रिस्टोफर हे दोन तरुण अधिकारी लोकांची भाषा व चालीरीती समजून घेण्यासाठी माले येथे राहिले होते. त्यांनाही तापाने गाठले. तरी त्यांनी तेथील लोकांविषयी लिहून ठेवलेच.

प्रवाळबेटे कशी तयार होतात यावर चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मोर्सबींच्या पाहणीचा आधार घेतला. मोर्सबी १८५४ मध्ये वारले. त्यांचे मालदीवचे नकाशे त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे खलाशांच्या हाती होते. तेथील दोन बेटसमूहांमधल्या एका जलमार्गाला ‘मोर्सबी चॅनेल’ असे नाव आहे.